जास्वंदीची ताटली

“तडकणार नाही, असं नक्की सांगता का, अक्का?”

“नाही.”

शिवदास भट्टीच्या दाराशीच थबकला. हातात चिनी मातीची ताटली, पांढरीशुभ्र, चकचकीत. तिच्यावर त्याने काढलेली लाल जास्वंद. आणि काय जास्वंद होती म्हणता! अख्ख्या कारखान्यात तसा हात कुणाचा नव्हता. हे शिवदासला इतरांपेक्षा जरा जास्तच ठाऊक होतं.

भट्टी लागायची वेळ आली, की तो म्हणायचा, अजून एक शीर राहिलीय. कसली शीर न कसलं काय! चकाकीवर काढलेला रंग पुन्हा भट्टीत गेल्याशिवाय धरत नाही, आणि मागच्या खेपेला एका सोबत्याची सुरई आत तडकली होती. तेव्हापासून शिवदास ताटली आत ठेवायचंच टाळत होता.

आज मात्र पळवाट नव्हती. त्याला शिकवणाऱ्या चंद्राक्कांची ही शेवटची भट्टी. म्हातारपणी धग सोसेना, म्हणून त्या हे काम सोडणार होत्या. त्यांच्याकडची रीत अशी, की आपलं काम आपल्याच हाताने आत ठेवायचं; ठेवलं की शिकणं पुरं झालं. मग अक्का दार चिखलाने लिंपून टाकत. सगळ्यांची भांडी आत गेली होती. एकट्या शिवदासची जागा रिकामी होती.

“मग मी नाही ठेवत,” तो म्हणाला. “शिकणं अर्धं राहिलं तरी चालेल. निदान ही आहे तशी राहील.”



अक्कांनी बाजूच्या चुलीवरची भाकरी उचलली आणि दुसरा हात पुढे केला.

“आण ती इकडे. जेवते.”

“अक्का! अहो, रंग जाईल!”

“आण म्हटलं ना.”

नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. त्याने ताटली दिली. अक्कांनी वाफाळती भाकरी तिच्यावर टाकली, तळव्याने दाबली आणि परत उचलली.

भाकरीला दोन पाकळ्या चिकटून आल्या.

शिवदासच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. संतापाने त्याने ताटली अक्कांच्या हातातून ओढून घेतली.

अक्कांनी भाकरी बाजूला ठेवली. “मी चिखल कालवते. तोवर पाकळ्या परत काढायच्या तर काढ.”

अक्कांनी घमेल्यात पाणी ओतलं. माती कालवली. दोन्ही हात चिखलाने भरले.

तेव्हा कुठे त्याने कुंचला उचलला. भराभर दोन पाकळ्या काढल्या, उठला, आणि ताटली स्वतःच्या हाताने आत ठेवून दिली. त्याला अजूनही भीती वाटत होती.

“अक्का... आणि तडकलीच तर?”

अक्कांनी दारावर चिखलाचा पहिला थर दिला.

“तुकड्यांवरसुद्धा फूल राहील.”