गुणाजीने देऊन टाकलेले मरण

फार वर्षांपूर्वी, दुसरे महायुद्ध पेटले होते त्या काळी, निवळखोलच्या खाडीवर द्वारका नावाची एक विधवा होडीने लोकांना पैलतीरी नेत असे. तिचा एकुलता मुलगा गुणाजी खलाशी म्हणून विलायतेला गेला आणि तिकडे बॉम्बफेकी विमानात मशीनगन चालवू लागला. विमानात एकूण सात जण. तो आणि सहा गोरे.

एका हिवाळ्यात तार आली. जर्मन मुलखावर विमान पाडले गेले होते आणि गुणाजी बेपत्ता होता.

गावचे विसूभटजी म्हणाले, "द्वारके, बेपत्ता म्हणजे मेला नव्हे. शास्त्र बारा वर्षं थांबायला सांगतं."

"आनि तवर तो तानेला फिरत ऱ्हायला तर? रोज सपनात येतो न पानी मागतो, भटजी."

तिचे रडणे त्यांना पाहवेना. त्यांनी शास्त्र वाकवले. पळसाच्या पानांचा पुतळा करून गावाने गुणाजीला अग्नी दिला, पिंड ठेवले. ऐन भरतीत खाडीचे पाणी त्या घटकेला निश्चल झाले, असे म्हणतात.

युद्ध संपले आणि गुणाजी चालत घरी आला. विमान पेटले तेव्हा शेपटाकडचा तो एकटा बाहेर फेकला गेला होता. पुढचा काळ शत्रूच्या कैदेत गेला. बाकीचे सहा आभाळातच जळाले. त्यांचे हाडूकही जमिनीवर आले नाही, असे म्हणतात.

भटजींनी तोड सांगितली. ज्याची क्रिया झाली, त्याने तुपाने न्हाऊन नव्याने जन्म घ्यावा, त्याचे बारसे व्हावे, मग त्याने उंबरा ओलांडावा. द्वारकेने पाळणा टांगला. बायका हसल्या, "मिशावालं बाळ गो तुजं, द्वारके! पाळना मोडंल!" द्वारकाही हसली. त्यानंतर ती कधी हसली नाही.

गुणाजी अंगणाबाहेरच थांबला. "आये, तू दिलेलं मरन मी त्या सहा जनांना देऊन टाकलं."

"त्यांच्या आया करतील रे त्यांचं!"

"त्यांच्यात पिंड ठेवीत नाय. तुजाच एक हुता. आता जनम घेतला, तर दिलेलं परत घेतल्यागत व्हईल."

तो पैलतीरी खोपटात राहिला आणि होडी चालवू लागला. तो एकटा बसला तरी होडी सात माणसांच्या ओझ्याने दबे, असे म्हणतात. द्वारका रोज भात घेऊन काठावर बसे. "मेलेला मानूस घरचं खात नाय, आये," एवढेच तो बोले. आपल्या घाईची क्षमा ती देवापाशी मागे.

ती गेली, तेव्हा पोटचा मुलगा हयात असूनही पुतण्याने अग्नी दिला. मृताला तो अधिकार नसतो. गुणाजी पलीकडे पाण्यात उभा होता. भरती त्याच्या गळ्याशी येऊन थांबली, असे म्हणतात. ओहोटी लागली, तेव्हा तिथे कोणी नव्हते.

आजही सर्वपित्रीला निवळखोलची होडी दुपारपर्यंत सुटत नाही. गावकरी गुणाजीच्या वतीने खाडीकाठी त्या सहा जणांची सहा पाने वाढतात आणि कावळा शिवेपर्यंत कोणी जेवत नाही. गुणाजीसाठी सातवे पान मांडावे, असे एकदा कोणी सुचवले. भटजींच्या नातवाने नकारार्थी मान हलवली. गुणाजीची क्रिया झाली होती, आणि ती त्याने देऊन टाकली होती. एकाच माणसाची दुसरी क्रिया करण्याचा मंत्र कोणापाशी नाही.