हवेचा खोटा निरोप

एकदा एक गृहस्थ आपल्या आजारी पत्नीला एक दिवसाआड घाट चढवून वरच्या शहरातल्या रुग्णालयात नेत असे. त्याचे नाव अच्युत, पत्नीचे नलिनी. नलिनीची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि डायलिसिसची सोय घाटाखालच्या त्यांच्या गावात नव्हती. पहाटे निघावे, दुपारपर्यंत ती यंत्राशेजारी पडून राही, तो बाहेरच्या बाकावर बसून राही, आणि संध्याकाळी दोघे घरी परतत. त्यांचे आयुष्य आता एवढेच उरले होते.

अच्युतकडे एक दांडगी गाडी होती. उंच, रुंद, आठ सिलिंडरांची. दिवस चांगले असताना त्याने ती हौसेने घेतली होती, कारण इंजिनाचा त्याला विद्यार्थिदशेपासून लळा होता. सगळ्यांच्या पुढे जाण्यासाठी घेतलेली ती गाडी आता मागच्या आसनावर पडलेल्या बाईच्या पोटातले पाणी हलू नये, एवढ्याच बेताने चाले.

एके दिवशी घाटाच्या मधल्या वळणावर ती गाडी गुदमरल्यासारखी झाली. पाय दाबावा तर वेग वाढण्याऐवजी कमीच व्हावा. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवू लागले. कशीबशी रखडत ती वर पोहोचली खरी, पण उशीर झाल्यामुळे नलिनीचे यंत्र दुसऱ्या रुग्णाला दिले गेले होते. जो थोडा वेळ उरला तेवढ्यातच तिचे उरकावे लागले. परत येताना तिने तक्रार केली नाही. तिचे पाय मात्र सुजलेलेच राहिले, आणि ते पाहून अच्युतला रात्रभर झोप लागली नाही.

मोठ्या कारखान्यात गाडी पाठवावी, तर ते ती आठवडाभर ठेवून घेणार. भाड्याची गाडी पहाटे हमखास येईल याची खात्री नाही. म्हणून मधल्या रिकाम्या दिवशी अच्युतने अंगणातच दुरुस्ती आरंभली. त्याने आधी प्लग बदलले, मग हवेची गाळणी बदलली. त्या इंजिनाला दोन बाजूंनी हवा घेणारे दोन मार्ग होते आणि प्रत्येक मार्गावर हवा मोजणारा एकेक सेन्सर. त्यातला उजवा त्याने मिळेल तिथून, वापरलेलाच, मागवून बदलला. गाडी सपाटीवर लोण्यासारखी चाले. चढ आला की पुन्हा तेच रखडणे. अच्युतच्या डोळ्यांखाली काळे पडले. पाना हातात धरून बॉनेटला टेकल्या टेकल्या त्याला डुलकी लागू लागली.

शेवटी त्याने आपल्या गुरूंना बोलावले. भाटकर सरांनी त्याला महाविद्यालयात इंजिनशास्त्र शिकवले होते. आता ते फार वृद्ध झाले होते. रिक्षातून उतरून ते अंगणात आले, खुर्चीवर टेकले, आणि त्यांनी प्रथम नलिनीची प्रकृती विचारली. मग इंजिन सुरू करायला लावले, डोळे मिटून थोडा वेळ ऐकले आणि ते बंद करायला सांगितले.

“दोन्ही सेन्सरांच्या वायरी काढून टाक,” ते म्हणाले.

अच्युतला हे विचित्र वाटले. आत किती हवा येते हे सांगणारे तेवढेच दोघे. त्यांचे तोंडच बंद केले तर इंजिन चालावे कशाच्या भरवशावर, असे त्याने नम्रपणे विचारलेही. सरांनी नुसते वायरींकडे बोट दाखवले. त्याने वायरी काढल्या. सर त्याच्या शेजारी बसले आणि दोघे घाटाच्या पहिल्या वळणांपर्यंत गेले.

समोर धोक्याचा पिवळा दिवा पेटलेला होता, आणि गाडी विनातक्रार चढत होती. पूर्वीची चपळाई नव्हती, पण गुदमरणेही नव्हते.

ते परत अंगणात येतात न येतात तोच अच्युतचा फोन वाजला. बंगळूरला राहणारी त्याची मुलगी केतकी रोज संध्याकाळी फोन करत असे. तिने आईची विचारपूस केली. अच्युतने स्वर शक्य तितका मोकळा करून सांगितले की सगळे सुरळीत आहे, आईला आराम वाटतो आहे, गाडीही उत्तम चालते आहे. मी येऊ का, असे तिने विचारले असावे, कारण तो म्हणाला, “अगं, येऊन करणार काय? इथे काही कमी नाही.” फोन ठेवल्यावर तो गाडीच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

सरांनी त्याला बसू दिले. नंतर ते हळू आवाजात बोलू लागले.

“अच्युत, तुझे सेन्सर बंद पडलेले नाहीत. पडले असते तर बरं होतं. निरोप आला नाही की इंजिन आपल्या अंदाजाने इंधन सोडतं आणि काम भागवतं, आत्ता भागवलं तसं. हे सेन्सर बोलतात, पण कमी सांगतात. आत हवा भरपूर येते आणि हे सांगतात, थोडीच आली. मग इंधनही थोडंच मिळतं. सपाटीवर ते कुणाच्या लक्षात येत नाही. चढावर जीव जातो. आणि त्यात इंधन पाठवणाऱ्याचा काही दोष नसतो.”

थोडे थांबून ते म्हणाले, “तू तिला फोनवर काही सांगितलंच नसतंस, तर ती काळजीने केव्हाच इथे येऊन उभी राहिली असती. तू रोज सांगतोस, म्हणून ती आली नाही.”

अच्युत म्हणाला की तिची नोकरी नवी आहे, मूल लहान आहे, तिच्यावर आणखी भार टाकणे त्याला प्रशस्त वाटत नाही.

“भार किती आहे ते तू सांग,” सर म्हणाले. “किती उचलायचा ते तिला ठरवू दे.”

एवढे बोलून ते रिक्षाची वाट पाहत फाटकाशी जाऊन उभे राहिले. जाताना त्यांनी बजावले की दोन्ही सेन्सर बदल, तेही चांगल्या प्रतीचे. एक खरा आणि एक खोटा असला की इंजिनाचे हाल अधिकच होतात. नवे येईपर्यंत वायरी काढूनच सावकाश घाट चढ.

गुरूचे म्हणणे अच्युतला पटले होते. तरी त्या दिवशी त्याने मुलीला काही सांगितले नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. पटलेले आणि हातून घडलेले यांत अंतर असतेच. थकलेल्या माणसाला तर ते फारच लांब वाटते.

नवे सेन्सर आले. अच्युतने इंजिन पुरते थंड होऊ दिले, बॅटरीची तार सोडवली, हवेच्या नळ्यांच्या पट्ट्या सैल केल्या आणि जुने सेन्सर अलगद बाहेर काढले. त्यांच्या बारीक तारांवर तेलकट धूळ बसली होती. नवे बसवून त्याने सगळे पूर्ववत जोडले आणि गाडी घाटात नेली. ती एका दमात चढली. पिवळा दिवाही विझला होता. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो वळणावर गाडी थांबवून बसला, आणि आपल्या अंगात आता काहीच उरलेले नाही, एवढेच त्याला जाणवले.

त्याने तिथूनच मुलीला फोन लावला. “केतकी,” तो म्हणाला, “मी फार थकलोय गं. तुझी आईही बरी नाही.”

इतके दिवस मला का नाही सांगितलं, असे तिने विचारले. तिच्या आवाजात राग होता आणि रडूही. तिने फार ताणले नाही. गावाला सकाळची गाडी किती वाजता पोहोचते, ते विचारून घेतले.

घरी येऊन त्याने नलिनीला सांगितले की आपण मुलीला सगळे खरे कळवले. ती रागावेल असे त्याला वाटले होते. तिने खिडकीकडे तोंड वळवले.

“मग मीही सांगते,” ती म्हणाली. “मला रात्री आडवं पडवत नाही. दम लागतो. तुमचा डोळा लागला की मी उठून बसते.”

अच्युतने तिच्याकडे पाहिले. तिच्या जवळ झोपणारा माणूस तो, आणि त्याला हे ठाऊक नव्हते. आपल्या माणसाची काळजी वाचावी म्हणून कमी सांगितलेले दुखणे कमी होत नाही, मिळणारा आधार तेवढा कमी होतो, हे त्याला त्या वेळी कुणी समजावून सांगावे लागले नाही. त्याने उशा गोळा करून तिच्या पाठीशी लावल्या आणि तो शेजारी बसून राहिला.

पुढच्या खेपेला केतकी बरोबर होती. नलिनीने डॉक्टरांना सगळे सांगितले. शरीरात पाणी साचून राहते आहे, हे आधी कळते तर आधीच उपाय केला असता, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी त्या दिवशी अधिक वेळ यंत्र लावले आणि पुढच्या औषधांची मात्राही बदलली. आजार बरा होणारा नव्हता आणि तसे कुणी म्हटलेही नाही.

संध्याकाळी घाट उतरताना गाडी केतकी चालवत होती. अच्युत मागे पत्नीशेजारी बसला होता. नलिनी त्याच्या मांडीवर डोके ठेवून आडवी झाली आणि तिला गाढ झोप लागली. थोड्या वेळाने त्याचीही मान कलली. केतकीने घरासमोर गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवले, आणि दोघांपैकी कुणालाही उठवले नाही.