हैबतीची झील

हिंगणमाळावर बिरोबाचे लहानसे देऊळ आहे. वैशाखात तिथे जत्रा भरते, ढोल वाजतात, धनगरी ओव्या होतात. पण देव या माळावर कसा आला, ती ओवी सुरू झाली की नवख्या माणसाला नवल वाटते. गाणारा अर्धी ओळ म्हणून थांबतो. ढोलही थांबतो. उरलेली अर्धी ओळ कोणीच म्हणत नाही. तेवढा वेळ नुसता वारा ऐकू येतो, आणि मग गाणारा पुढची ओळ घेतो.

जुनी माणसे याचे कारण सांगतात ते असे. फार पूर्वी इथे धुळा नावाचा गाणारा होता. अर्धी ओळ तो म्हणायचा आणि मागची अर्धी त्याचा झीलकरी हैबती पुरी करायचा. दोघांच्या बापांनीही ओवी अशीच गायली होती. एका घराचे शब्द दुसऱ्या घराने ओठांवर आणायचे नाहीत, अशी रीत होती म्हणे.

एका वर्षी हैबती मेंढरे घेऊन कोकणात उतरला. तिथे चुकलेले कोकरू शोधायला रानात शिरला, तो पुन्हा दिसलाच नाही. सोबत्यांनी त्याची मेंढरे तेवढी परत आणली.

जत्रेत धुळा एकटा उभा राहिला. आपली अर्धी ओळ म्हणायची, हैबतीला लागायचा तेवढा वेळ गप्प राहायचे, मग पुढची घ्यायची. गावाने दुसरा झीलकरी देऊ केला. नवे शब्द जुळवून देतो म्हणणारेही भेटले. धुळा ऐकेना. त्या जागी दुसरा उभा केला, तर हैबती मेला हे आपणच ठरवल्यासारखे होईल, असे त्याला वाटे.

गावचे कारभारी वैतागून म्हणाले, "धुळा, ओवी अर्धी, मग परसादबी अर्धाच देऊ का?"

"द्या की," धुळा म्हणाला. "ऱ्हायलेला त्याच्यासाठी झाकून ठेवा."

हैबतीची झील, म्हणजे त्या मागच्या अर्ध्या ओळी, आता एकाच माणसाला येत होती, त्याच्या बायकोला, मायाक्काला. नवऱ्याला घरात गुणगुणताना ऐकून तिला ती पाठ झाली होती. बायका म्हणत, "अगं, मग म्हण की तू."

"त्यांचं हाय ते," ती सांगायची. "आल्यावर म्हणतील."

कपाळभर कुंकू लावून ती दर जत्रेला मागे येऊन बसायची. धुळा आणि ती एकाच माणसाची वाट पाहत होती, पण त्याबद्दल एकमेकांशी कधी बोलली नाहीत.

वर्षे गेली. धुळा थकला. एका जत्रेत त्याचा आवाज चिरकला. शेवटची ओळ त्याने कशीबशी उचलली, "सांज झाली रं गड्या, मेंढरं वळली..."

यापुढे त्याच्याकडे शब्द नव्हते. दर वर्षी तो इथे ताटकळत उभा राहायचा आणि शेवटी लोकच त्याला हाताला धरून खाली बसवायचे. त्या दिवशी मात्र मागून एक कापरा आवाज आला,

"घोंगडं झाड रं आता, घराला चल."

धुळ्याने वळून पाहिले नाही. तो आपणहून खाली बसला आणि हलकेच म्हणाला, "पुरी झाली, वैनी." लोकांनी मागे पाहिले तेव्हा मायाक्का पदराने कपाळ पुसत होती, असे सांगतात.

बाकीची झील तिने कोणालाही शिकवली नाही. म्हणून आजही ओवीभर जागा रिकाम्या राहतात. फक्त शेवटच्या ओळीला हैबतीच्या घरातली एक बाई उभी राहते आणि तेवढेच म्हणते. मग माणसे उठतात आणि घराकडे चालू लागतात.