गाठ मारलेला पतंग

“पण गुरुजी, दोन्ही कसं साधायचं?”

संक्रांतीचा दिवस. येवल्याच्या गच्च्यांवर हलगी कडाडत होती आणि गुरुजींच्या गच्चीवर श्रीनिवास हा प्रश्न ओरडून विचारत होता. व्याजदर ठरवणाऱ्या समितीवर त्याची नुकतीच वर्णी लागली होती. परवा मत द्यायचं होतं. याच खंडेराव गुरुजींनी त्याला पाढे शिकवले होते, पण आता बोलण्याचं काम तोच करत होता.

“दर उतरवले तर कर्ज स्वस्त होतं, बंद माग सुरू होतात. पण मग बँका दिसेल त्याला कर्ज वाटत सुटतात आणि शेवटी बुडतात. तुम्हीच सांगा. ढील द्यायची की खेचायचं?”

गुरुजींनी पतंगाला दोरा बांधला.

खाली त्यांच्या लेकीचा, शांताचा, पैठणीचा माग दिवाळीपासून बंद होता. आणि गावच्या बुडालेल्या पतपेढीत गुरुजींचीच पुंजी अडकली होती.

त्यांनी दोरा गुंडाळलेली आसारी श्रीनिवासच्या हातात दिली.

“धर.”

पतंग झकास चढला. श्रीनिवासने वाऱ्याचा अंदाज घेतला, दोरा मोजूनमापून सोडला आणि कठड्याच्या गजाला पक्की गाठ मारली.

“बरोबर एवढाच दोरा हवा,” तो हात झटकत म्हणाला. “गणित आहे, गुरुजी.”

“असेल बाबा...”

गुरुजींनी तिळाचा लाडू तोंडात टाकला.

तेवढ्यात वारा पडला. पतंग गटांगळ्या खात विजेच्या तारांकडे निघाला. श्रीनिवास धावला. गाठ काही सुटेना.

“माप तर बरोबर होतं!”

“होतं की.”

गुरुजींनी गाठीच्या पुढचा दोरा उचलून त्याच्या बोटावर ठेवला.

“खेच... अजून... आता वारा आला, सोड!”

पतंग तारांवरून उठला. पुन्हा वारा पडला, पुन्हा खेच. पायाशी दोऱ्याची वेटोळी साठत होती, उलगडत होती. एवढा मोठा साहेब, पण पोरासारखा हसत होता. बघून गुरुजींना फार बरं वाटलं.

श्रीनिवासच्या बोटावर दोऱ्याने बारीक चीर पडली होती. रक्त आलं होतं.

शांता चहा घेऊन आली आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबली. तिलाही ऐकायचं होतं.

“आणि परवा, गुरुजी?” श्रीनिवासने आकाशावरची नजर न काढता विचारलं. आता आवाज खाली आला होता. “परवा काय करू?”

गुरुजींनी त्याचं बोट हातात घेऊन पाहिलं.

“तोवर हे बरं होऊ देऊ नकोस. वारा बोटाला कळतो, गाठीला नाही.”