साहेबांच्या घरची टक्केवारी

तालुक्याचे आरोग्य अधिकारी धारपसाहेब यांचा माणसांपेक्षा टक्क्यांवर विश्वास अधिक. त्या दिवशी स्वारी खुशीत होती. घरी जुळी मुलं झाली म्हणून त्यांनी बैठकीत पेढे वाटले. पण तक्ता उघडताच कपाळाला आठी पडली.

"चिंचवाडीची लोकसंख्या दहा वर्षांत पन्नास टक्क्यांनी वाढली. कुटुंब नियोजन तुमच्याकडेच ना, गावितबाई? तुमची बदली घाटापलीकडे करतो."

नर्स यमुना गावित यांचा पेढा हातातच राहिला. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं आणि घरी सासू अंथरुणाला खिळलेली.

"साहेब, वाडीत वीस माणसं होती, ती तीस झाली."

"म्हणजे पन्नास टक्केच. गणित सगळ्यांना सारखं असतं, बाई."

"मग तुमच्या बंगल्यात गेल्या सोमवारी दोन माणसं होती, आज चार आहेत. आठवड्यात शंभर टक्के वाढ झाली. त्याबद्दल घाटापलीकडे कोणाला धाडायचं?"

कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांच्या तोंडात साहेबांचेच पेढे होते. साहेबांनी तक्ता मिटला आणि पेढ्यांचा खोका बाईंपुढे सरकवला. बदलीचं नाव पुन्हा निघालं नाही.

बाईंनी मघाचा पेढा आता कुठे तोंडात टाकला. दुसरा सासूसाठी रुमालात बांधला.