न फुटणारा डोळा

“उस्ताद, हा फुटत का नाही?”

दस्तगीर उस्तादांनी मान वर केली नाही. मिरजेतल्या त्या एका खोलीत काचेचे डोळे घडवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि समोर बसलेला सोपान कुंभार त्यांच्याच हाताखाली शिकला होता. लोक यायचे ते डोळा फुटला म्हणून. ही तक्रार नवी होती.

“न फुटणारा करतो, असं तूच म्हणाला होतास न्हवं?”

म्हणाला होता खरा. याच उंबऱ्यात उभा राहून, चार गिऱ्हाइकांच्या देखत. त्याच्या लेकीच्या, कस्तुरीच्या डोळ्यात गाठ आली, डॉक्टरांनी डोळा काढला. उस्तादांनी केलेला काचेचा डोळा ती शाळेच्या नळावर धुवायला गेली आणि तो फरशीवर पडून फुटला. पोरं हसली. बापाचं डोकं फिरलं.

“काचेत काय दम आहे, उस्ताद? मी करून दाखवतो. दगडावर आपटा, आगीत घाला...”

कुंभाराच्या घरातला गडी. भट्टी त्याला कुणी शिकवायला नको होती. चिनी मातीसारखं पांढरंशुभ्र काहीतरी त्याने पुन्हा पुन्हा भाजलं आणि डोळा केला. तो खरंच फुटेना. मग काय, स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आता त्याने रुमालाची गाठ सोडली. डोळा धुराने काळवंडला होता, पण शाबूत होता.

उस्तादांनी हातातलं काम खाली ठेवलं.

“कस्तुरी...?”

“आज नववा दिवस. गाठ डोक्यात गेली होती.”



“मयत उचलायच्या आधी डोळा काढून घ्यायचा असतो, सोपान. तुला पहिल्याच दिवशी सांगितलेलं.”

“हिनं काढू दिला नाही. म्हणाली, पोरीला आंधळी पाठवू नका. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. सगळं जळलं होतं, उस्ताद. सगळी पोर मूठभर झाली... आणि राखेतून हा माझ्याकडं बघत होता.”

“नदीत सोड.”

“गेलो होतो. मूठ उघडली नाही. हा तळाला पडून बघतच राहणार... मग दगडानं ठेचला. घण घातला. काही होत नाही याला. अस्थी अजून चिंचेला टांगल्यात, उद्या दहावा. ही म्हणते, डोळा गेल्याबिगर अस्थी जायच्या नाहीत. कशानं फुटेल, तेवढं सांगा. पाया पडतो.”

“मला ठाऊक न्हाई. मी फुटणारेच केले.”

“मी तुमच्यापेक्षा चांगला केला... ते चुकलं का माझं?”

“चांगलाच केलास.”

उस्तादांनी डोळा ओल्या फडक्याने पुसला, मुठीत घेतला आणि तसेच बसून राहिले. गिऱ्हाइकाला डोळा बसवण्याआधी ते नेहमी असंच करत. गार डोळा खोबणीत गेला की माणूस दचकतो.

रस्त्यावरून एक भंगारवाला ओरडत गेला. मूठ मिटलेलीच होती.

मग त्यांनी तो सोपानच्या तळहातावर ठेवला.

सोपान शहारला. रोज झोपवताना तो कस्तुरीचा डोळा काढायचा, तेव्हा असाच लागायचा हाताला. त्याने तो गालाशी धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“ऊब आहे, उस्ताद... तिची...”

“माझी हाय ती, बेटा. जाईल आत्ता.”