पहिल्या कुंकवाचं भांडण

“पहिलं कुंकू मलाच लागणार, सांगून ठेवतो!” चांदीच्या मुठीचा सुरा पाटावरून ओरडला. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. त्या काळी हत्यारं बोलायची, आणि माणसांपेक्षा जास्तच बोलायची.

खंडेनवमीचा दिवस. सुरे जमवायचा भारी नाद असलेला नारोजी हत्यारांची पूजा मांडत होता. या सुऱ्याची मूठ त्याने हौसेनं तीनदा बदलली होती. आधी शिसवी, मग शिंगाची, आता चांदीची. तरी सुऱ्याचा नुसता जळफळाट! कारण रानात जाताना नारोजीच्या कमरेला असायची ती चिंचेच्या मुठीची काळी सुरी, आणि आज पाटावरही तीच त्याने पहिली मांडली होती.

“काय गं काळे, तुझ्यात एवढं आहे तरी काय? मला हातात घेतलं की मालक तासभर निरखत बसतो. तुझ्याकडे ढुंकून तरी बघतो का?”

“नाही बघत,” सुरी म्हणाली. “पण समोर रानडुक्कर उभं असताना तो मला निरखत बसला असता, तर आज पूजा मांडायला उरला असता का रे, शहाण्या?”